केक कापून शिकवलेला भूगोल: दख्खनचे थर, दरडी आणि भूकंप

सह्यवाट (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात सहावी ते नववीच्या मुलांसाठी मी भूगोलाचा वर्ग घेते आणि गेली काही वर्षे केक हे त्या वर्गातले माझे आवडते साधन झाले आहे. त्याबद्दल सविस्तर लिहावे असे काही जणांनी सुचवले, म्हणून हा धागा काढत आहे. पाककृतीची वाट पाहणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. आधी भूगोलाचे बोलू.

शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या माथ्यावर खळगा, आत खायचा सोडा आणि व्हिनेगर, हे ठरलेले असते. केकचा ज्वालामुखी करणारेही हाच शंकू करतात आणि त्यावरून लाल क्रीमचे ओघळ सोडतात. मुलांना मजा येते, याबद्दल वाद नाही. मात्र महाराष्ट्रातल्या मुलाने तो केक पाहून सह्याद्रीकडे नजर टाकली, की त्याला कळसूबाई किंवा तोरणा हे विझलेले ज्वालामुखी वाटू लागतात आणि ती समजूत पुढे काढता काढता नाकी नऊ येतात. आपल्या पायाखालचा खडक असा एका तोंडातून उसळलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला. झीज होऊन आज जे उरले आहे, त्याचाच विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. दख्खनचे पठार शिकवायचे तर थरांचा केक करावा लागतो आणि तो मुलांसमोर कापावा लागतो. भूगोलाच्या केकची परीक्षा सुरी फिरल्यावर आत काय दिसते त्यावर करावी, असे माझे मत आहे.

थर नुसते एकावर एक ठेवले तर तो वाढदिवसाचा केक होतो. लाव्हाच्या प्रत्येक थराला स्वतःचा तळ आणि माथा असतो. लाव्हा थिजत असताना वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र राहतो आणि मधला भाग घट्ट, कठीण होतो. म्हणून एका थरासाठी मी खाली ब्राउनीसारखा दाट केक आणि वर हलका, जाळीदार स्पंज घेते. दोन उद्रेकांमध्ये मोठा खंड पडला, तर उघड्या राहिलेल्या खडकाचे विदारण होऊन तांबड्या मातीचा पातळ पट्टा तयार होतो. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांत विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते, ती पुष्कळदा हीच असते. तिच्यासाठी स्ट्रॉबेरीचा जॅम पुरतो. मात्र तो सगळ्या थरांमध्ये लावायचा नाही, खंड पडला असेल तिथेच लावायचा. ‘इथे जॅम का नाही?’ असे एखाद्या मुलाने विचारले की अर्धा धडा तिथेच होऊन जातो. सच्छिद्र भागातल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे वाढली. नाशिक, पुणे आणि जळगाव भागांतले त्यांचे स्फटिक संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. भाजलेल्या स्पंजच्या जाळीत खडीसाखरेचे बारीक खडे खोचले की तेही दाखवता येते.

मग एखाद्या मुलाच्या हाती चमचा द्यायचा आणि पावसाचे, नदीचे काम करायला सांगायचे. मऊ थर भराभर खरवडला जातो, दाट थर तसाच पुढे डोकावत राहतो आणि कडा, उतार, पुन्हा कडा असा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर समोर उभा राहतो. किल्ल्यांवर जाणारी मुले तो लगेच ओळखतात.

आता मला दरड आणि भूकंप हे विषय घ्यायचे आहेत आणि तिथे माझे पाऊल अडले आहे. या घटना केकवर कशा दाखवाव्यात, हा एक प्रश्न झाला. दुसरा त्याहून अवघड आहे. ज्या घटनेत गावेच्या गावे गेली, तिचा केक करावा का? जाणकारांनी दोन्हींवर मोकळेपणाने लिहावे.

खडकवासी

उत्तम धागा. भूशास्त्र हा माझा व्यवसाय असल्यामुळे दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट आकाराची. दख्खनचे थर सगळीकडे सारख्या जाडीचे नाहीत. पश्चिमेला ते जाड आहेत आणि पूर्वेकडे निमुळते होत जातात. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे जे विंधन छिद्र घेतले गेले, त्यात बेसॉल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाची, जाडी साडेतीनशे मीटरांहूनही कमी भरली आणि त्याखाली फार जुना खडक लागला. त्यामुळे आपला केक पाचरीसारखा हवा, मुंबईच्या बाजूला उंच आणि नागपूरच्या बाजूला जवळजवळ संपत आलेला. तळाशी वेगळ्या रंगाचा एक थर ठेवा, म्हणजे लाव्हा येण्याआधीही येथे जमीन होती हे मुलांच्या लक्षात येईल. पुष्कळ मोठ्या माणसांच्याही ते लक्षात नसते.

दुसरी गोष्ट भेगांची. लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यांत उरलेला शिलारस थिजून उभ्या भिंती तयार झाल्या. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंती आजही मैलोन्‌मैल दिसतात. केकमध्ये सुरीने उभी चीर देऊन त्यात गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेले चॉकलेट, ओतले की हे काम होते. चीर तळापासून द्या, पण सगळ्याच चिरा माथ्यापर्यंत नेऊ नका.

तिसरी गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती म्हणजे प्रमाण. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. केक ४० सेंटिमीटर लांब केला, तर त्या प्रमाणात दोन किलोमीटर जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. आपण केक १० सेंटिमीटर उंच करतो, म्हणजे उभे प्रमाण जवळपास ९० पट फुगवतो. हे गणित आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्यावे. नकाशातील छेदचित्रांमध्येही (जमीन उभी कापल्यावर दिसेल त्या चित्रांमध्ये) हीच युक्ती केलेली असते, हे त्यांना एकदा कळले की छेदचित्र पाहण्याची त्यांची नजर बदलते.

तिखटगोड

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे ओट्यापलीकडच्या भूगोलात फारशी गती नाही. तरीही थरांबद्दल एक सुचवते. आपण वेगवेगळे भाजलेले थर एकमेकांवर रचत आहात. लाव्हा मात्र आधीच्या थिजलेल्या थरावर पातळ अवस्थेत येऊन पसरला, असे आपणच लिहिले आहे. मग गोव्याची बेबिंका करून पाहा. तिच्यात नारळाचे दूध, मैदा, साखर आणि अंड्यातील पिवळ्या बलकाचे पातळ मिश्रण असते. एक थर ओतून वरच्या आचेवर भाजायचा, त्यावर तूप सोडायचे आणि मग पुढचा थर ओतायचा. सात थरांपासून सोळा थरांपर्यंत ती केली जाते आणि तिला अर्धा दिवस सहज लागतो. प्रत्येक थराचा माथा तपकिरी होतो, त्यामुळे कापल्यावर प्रत्येक थराची सीमा स्वच्छ दिसते. मुलांना थांबावे लागते, आणि थर साचायला वेळ लागतो हे त्या थांबण्यातच कळून येते.

अंडे चालत नसेल तर रवा, दही आणि घट्ट गोड दूध घालून केलेला केक दाट थरासाठी चांगला. तो कापताना भुगा होत नाही. जाळीदार थरासाठी त्याच मिश्रणात अगदी शेवटी फ्रूट सॉल्ट घालून लगेच भाजायला ठेवावे. घरी ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून हे थर करता येतात, पण मग केक गोलच होणार.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त शिक्षक आहे. नव्या साधनांना माझा विरोध नाही, पण मनात आलेली शंका लिहितो. थर दाखवायचे तर मातीच्या किंवा प्लॅस्टिसिनच्या गोळ्यांनीही दाखवता येतात. त्यांना खर्च कमी, ते टिकतात आणि अन्नाची नासाडी होत नाही. मुलांच्या लक्षात भूगोल राहतो की क्रीम राहते, याचीही खात्री कोणी करून पाहिली आहे का? शिवाय वर्गातल्या सगळ्याच मुलांच्या घरी केक होत नाही. गृहपाठ म्हणून तो दिला, तर कोणाच्या आईला किती वेळ आणि कोणाच्या घरात किती पैसा, याचीच परीक्षा व्हायची.

सह्यवाट (धागाकर्ती)

पाटीपेन्सिल सर, गृहपाठाबद्दलचा आपला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. मी केक घरून करून आणायला कधीच सांगत नाही. थर मी भाजून नेते, रचणे आणि कापणे वर्गात सगळे मिळून करतात आणि शेवटी सगळा केक खाल्ला जातो. उरल्याचे आजवर ऐकिवात नाही.

प्लॅस्टिसिनबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. थरांपुरते ते चालते, हे खरे. पण त्यात पाणी मुरत नाही. केक, बिस्किटांचा भुगा आणि रवा हे पदार्थ पाणी शोषतात, फुगतात, जड होतात, सुटतात आणि घसरतात. आपल्याकडच्या बहुतेक आपत्तींमध्ये पाण्याचा हात असतो, म्हणून मला हे साधन सोडवत नाही.

बेबिंकेची सूचना फारच आवडली. नागपूरकडे निमुळती होणारी बेबिंका कशी करायची, याचा विचार करते आहे. बहुधा भांड्याखाली एका बाजूला टेकू द्यावा लागेल.

अणुस्कुरा

दरडीबद्दल लिहितो, कारण आमच्या भागात पावसाळ्यात रस्ता बंद होणे ही दरवर्षीची गोष्ट आहे आणि आमच्या गटाने शाळांमध्ये यावर थोडे काम केले आहे.

दरडीचा केक म्हणजे हिरव्या क्रीमचा डोंगर, त्यावरून सांडलेला चॉकलेटचा चुरा आणि खाली अर्धवट पुरलेली घरे, असे एक चित्र मी पाहिले आहे. त्यातून मुलाला काय कळते? दरड कोसळली, एवढेच, आणि ते तर त्याला बातम्यांतून आधीच कळलेले असते. ती का कोसळते, हे दाखवायचे असेल तर ट्रे तिरका करा आणि त्यात थर असे द्या. तळाशी घट्ट ब्राउनी. तिच्यावर गनाशचा पातळ लेप देऊन फ्रीजमध्ये थिजवा; हा पाणी न मुरणारा कातळ. त्यावर मारी बिस्किटांचा जाडसर भुगा कोकोमध्ये मिसळून दोन बोटे जाड पसरा. ही कातळावर विदारणाने साचलेली माती.

आधी कोरडा भुगा पाहा. ट्रे उचलत गेलात तर एका ठरावीक उतारापर्यंत तो थांबतो आणि मग ओघळतो. नंतर दुसरा, किंचित ओलसर केलेला भुगा घ्या. तो कोरड्यापेक्षा जास्त उतारावर टिकतो आणि मुले चक्रावतात, कारण पाणी वाईटच असते असे गृहीत धरून ती बसलेली असतात. आता ट्रे स्थिर ठेवून वरच्या बाजूने थंड दूध चमच्याचमच्याने सोडत राहा. दूध थंडच हवे, नाहीतर गनाश विरघळेल आणि प्रयोगावर अक्षरशः पाणी पडेल. बराच वेळ काहीही होत नाही. मग भुग्याच्या पायथ्याशी ओल डोकावू लागते. थोड्या वेळाने माथ्याजवळ एक बारीक, आडवी, धनुष्यासारखी चीर पडते. तिथेच दूध घालणे थांबवा आणि ती चीर सर्वांना जवळून पाहू द्या. त्यानंतर आणखी एक-दोन चमचे दूध पुरते. सगळा थर कातळावरून सुटून एका दमात खाली येतो. पुढच्या खेपेला सुरीने पायथा थोडा कापून तिथे रस्ता करा आणि दूध किती कमी लागते ते मुलांना मोजू द्या. भाजलेल्या शेवया भुग्यात उभ्या रोवून झाडांची मुळेही दाखवता येतात, मात्र जाड थर घसरतो तेव्हा शेवयाही त्याच्याबरोबर येतात. हेही मुलांनी पाहिलेले बरे, कारण झाडे लावली की प्रश्न सुटला असे सरसकट सांगण्याची आपल्याला सवय आहे.

ही चीर आणि ही ओल हाच खरा धडा आहे. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, ही उतार हलू लागल्याची लक्षणे असतात आणि ती दिसल्यावर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता घर सोडायचे असते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली आणि गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी या गावांवर तीच वेळ आली. इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना डोंगर पायी चढून जावे लागले. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, ही गोष्ट मुलांना स्वतः शोधू द्यावी. तोवर उतारात दीड-दोन महिन्यांचा पाऊस मुरलेला असतो.

माळीणनंतर डोंगरउतारावरच्या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. पायथा कापण्याचा प्रयोग झाल्यावर मुले आपणहून तो विषय काढतात, असा आमचा अनुभव आहे.

तेरणाकाठ

धागाकर्तीचा दुसरा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. मी लातूर जिल्ह्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली. माझे बालपणीचे एक वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये गेले. किल्लारीचा केक म्हटल्यावर पहिल्या क्षणी मला राग आला, हे लपवत नाही.

दोन दिवस विचार केल्यावर मला असे वाटते की नाव घ्यायला किंवा केक करायला माझी हरकत नाही. थरथरणाऱ्या जेलीवर घरे ठेवून ती पाडायची आणि पडल्यावर मुलांनी टाळ्या वाजवायच्या, याला माझी हरकत आहे. असा प्रयोग मी एका प्रदर्शनात पाहिला आहे आणि त्यात शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. खेळाची मांडणीच अशी होती की पडणारे घर पाहण्यात गंमत वाटावी. मांडणी उलटी करा. घर टिकवण्याची स्पर्धा लावा, म्हणजे टाळ्या उभ्या राहिलेल्या घराला पडतील.

घरे कशी होती, ते सांगतो. आमच्याकडची भिंत दीड-दोन हात रुंद असायची. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दगडांच्या दोन वेगळ्या रांगा आणि मध्ये दगडगोट्यांची, मातीची भर. दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर मातीचा जाड थर, जो दर पावसाळ्याआधी आणखी वाढत जायचा. उन्हाळ्यात या घरासारखे सुख नाही. हादरा बसला की मात्र भिंतीच्या दोन रांगा फाकतात, मधली भर ढासळते आणि माळवदाचे वजन खाली येते. तो भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, रिश्टर मापनावर सहाच्या थोडा वर; पण भूकंपनाभी, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू होतो ती जागा, उथळ होती आणि वेळ झोपेची होती.

केकमध्ये हे असे करता येईल. चायना ग्रासची घट्ट जेली मोठ्या ताटात लावा. तिच्यावर शेंगदाण्याच्या चिक्कीच्या छोट्या तुकड्यांची दुहेरी भिंत रचा, मध्ये केकचा चुरा भरा, सांध्यांना मऊ लोणी लावा आणि वर ब्राउनीची जाड वडी ठेवा. हे पहिले घर. दुसऱ्या घरात काही ठिकाणी चिक्कीचे लांब तुकडे भिंतीच्या आरपार घाला आणि दाराच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींवरून वितळलेल्या चॉकलेटचा सलग पट्टा फिरवून थिजू द्या. छतही हलके करा, खारी चालेल. ताट हलवल्यावर पहिल्या घराची भिंत पोटातून फुगते आणि दुसऱ्याचा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. भूकंपानंतर आमच्याकडे घरांची बांधणी आणि दुरुस्ती करताना काँक्रीटचे पट्टे याच कारणासाठी घातले गेले.

एक विनंती आहे. केकवर माणसांच्या बाहुल्या ठेवू नका.

सह्यवाट (धागाकर्ती)

तेरणाकाठ, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. बाहुल्यांबद्दलची विनंती मी दरडीच्या ट्रेलाही लागू करणार आहे. अणुस्कुरा यांच्या प्रयोगात एकही घर नाही, हे मला तुमचा प्रतिसाद वाचल्यानंतर जाणवले, आणि त्याने त्या प्रयोगाचे काहीच अडत नाही.

हंबरकाठ

आम्ही इंग्लंडच्या ईशान्य बाजूला, हल शहराजवळ राहतो. इकडच्या काही शाळांमध्ये भूगोलाचा गृहपाठ म्हणून केक करून आणायला सांगतात आणि पाटीपेन्सिल सरांनी लिहिलेली पालकांची शर्यत इथेही लागते. मुलीच्या शिक्षिकेने त्यावर एक उपाय काढला होता. सजावटीला गुण नव्हते; दातकोरण्यांवर लावलेल्या झेंड्यांवर मुलांनी काय लिहिले आहे, त्यालाच गुण होते आणि झेंड्यावर नुसते नाव लिहून चालत नव्हते, कारणही लिहायचे होते.

आमच्या जवळचा होल्डरनेसचा किनारा युरोपात सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांपैकी एक आहे. सरासरी वर्षाला दीड-दोन मीटर जमीन समुद्रात जाते. कडे खडकाचे नाहीत, हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमातीचे आहेत. मॅपलटन गाव आणि तिथला रस्ता वाचवण्यासाठी १९९१ मध्ये दगडांचे दोन बांध समुद्रात घातले गेले. त्यांच्यामागे वाळू साचली आणि गाव वाचले, पण दक्षिणेकडे वाहत जाणारी वाळू अडल्यामुळे तिथल्या शेतांची झीज वाढली. मुलीने ट्रेच्या एका कडेला मऊ स्पंजचा लांब किनारा केला, त्यापुढे साखर पसरली, बदामांचे दोन बांध घातले आणि चमच्याच्या पाठीने दुधाच्या लाटा तिरक्या मारल्या. बांधाच्या पुढचा किनारा टिकला, पलीकडचा आधी खचला. आपत्ती निवारणाचा खर्च कधीकधी शेजाऱ्याला भरावा लागतो, हे तिला त्या ट्रेने शिकवले. कोकणातल्या आमच्या गावी समुद्राला धूपप्रतिबंधक भिंत घातली, तेव्हा तिने फोनवर आजोबांना विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘आणि भिंत संपते तिथे काय आहे?’

मिठीकाठ

मुंबईच्या पुरासाठी याहून सोपा प्रयोग आहे. सारख्या आकाराचे दोन स्पंज घ्या, एक उघडा आणि एक फाँडंटने, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या आवरणाने, पूर्ण झाकलेला. दोन्हींवर एकेक वाटी साखरेचे पाणी सावकाश ओता आणि बशीत किती उतरते ते मोजा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच भरती आली, आणि इतक्या पावसापुढे उघडा स्पंजही तुडुंब भरतो. म्हणून दुसरी वाटीही ओता. पहिल्या वाटीला दोन स्पंजांमध्ये मोठा फरक दिसतो, दुसऱ्या वाटीला तो फरक घटतो, आणि काँक्रीटीकरणावर बोलताना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

खडकवासी

कोणी कोयनेबद्दल विचारण्याआधी मीच लिहून ठेवतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण मानला जातो आणि त्या परिसरात आजही लहान धक्के बसतात. तिथल्या खडकाचा अभ्यास करण्यासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतले गेले आहे. या घटनेचा केक करू नये, असे माझे मत आहे. आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगात (खडक तुटून सरकतात त्या भेगेत) खोलवर पाण्याचा दाब पोहोचणे ही त्यातली मुख्य गोष्ट आहे आणि ती केकमध्ये दिसत नाही. स्पंजवर पाणी ठेवले आणि तो दबला, एवढेच मुले पाहतील आणि धरणाच्या वजनाने जमीन खचते अशी नवीच चूक घेऊन घरी जातील. काही विषयांना फळा आणि खडूच बरे.

लोणारचेही तसेच. ते उल्केच्या आघाताने झालेले विवर आहे आणि भाजलेल्या केकवर आघात दाखवता येत नाही. परातीत मैदा पसरून त्यावर कोको चाळा आणि उंचावरून सुपारी टाका. खळगा, उचललेला काठ आणि बाहेर उडालेल्या पांढऱ्या रेषा लगेच दिसतात. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते बेसॉल्टमध्येच झालेले असल्यामुळे आपल्या थरांच्या केकनंतर लगेच हा प्रयोग घेता येईल.

पाटीपेन्सिल

पाणी मुरण्याचा मुद्दा मला पटला आणि दरडीचा ट्रे मी नातवाबरोबर करून पाहणार आहे. आता एक व्यावहारिक प्रश्न. नववीच्या मुलांना समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) समजावताना माझी कायम दमछाक व्हायची. नकाशावरच्या त्या वेटोळ्यांतून उंची डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी केकचा उपयोग होईल का?

सह्यवाट (धागाकर्ती)

होईल, आणि तिथे केक प्लॅस्टिसिनपेक्षा सरस ठरतो असा दावा मी करणार नाही. फक्त कापायला तो सोपा जातो. डोंगराच्या आकाराचा दाट केक करावा, एक बाजू उभी आणि दुसरी पसरट ठेवावी, आणि जमल्यास मध्ये एक खिंड ठेवावी. ट्रेवर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून सुरी आडवी सरकवली की खालचा काप सारख्या जाडीचा निघतो. मग पट्ट्यांची उंची दुप्पट, तिप्पट करत वर जावे. प्रत्येक काप बटर पेपरवर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी. सगळे काप एकाच कागदावर, सर्वांत खालचा आधी आणि माथा शेवटी, असे काढले की समोच्च रेषांचा नकाशा तयार होतो. उभ्या बाजूला रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि पसरट बाजूला सुट्या दिसतात. खिंडीपाशी दोन वेगळी वर्तुळे सुरू होतात, तिथे मुले हमखास अडतात. तेव्हा काप परत एकमेकांवर रचून दाखवावेत.

पाटीपेन्सिल

काप कागदावर ठेवताना ते जागचे हलणार. वरचा काप खालच्याच्या नेमका कुठे होता, हे कसे कळायचे?

तिखटगोड

सर, याचे उत्तर मी देते, कारण थरांचे मोठे केक रचताना आम्हालाही हीच अडचण येते. कापायला घेण्याआधी केकच्या माथ्यातून थेट तळापर्यंत दोन जाड सळ्या सरळ उभ्या खुपसा आणि काढून घ्या. लाकडी शिगा असतील तर उत्तम. दोन्हींमध्ये चार बोटांचे तरी अंतर हवे आणि दोन्ही माथ्याच्या कापातूनच जायला हव्यात, त्यामुळे माथा फार टोकदार करू नका. आता प्रत्येक कापात तीच दोन भोके असतील. पहिला काप काढताना भोकांतून पेन्सिलीचे टोक घालून कागदावर दोन ठिपके द्या आणि पुढचा प्रत्येक काप त्या ठिपक्यांवर भोके जुळवून ठेवा. केक आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. ताज्या केकमध्ये भोके टिकत नाहीत.